हाताची बदली

"मस्कतला काय करतोस?" असं वसईत कोणी विचारलं, की डॉमनिक तुस्कानो म्हणायचा, "स्टोअर सांभाळतो." ते खोटं नव्हतं. मस्कतच्या रुवी भागातल्या एका एसी कंपनीच्या स्टोअरमधले कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्या आणि गॅसचे सिलिंडर त्याच्याच ताब्यात असायचे. पण नळ्या सांभाळणारे रुवीत पैशाला पासरी मिळत होते. त्यासाठी वसईहून माणूस विमानात बसवून आणायची काही गरज नव्हती. डॉमनिकला आणला होता तो बास्केटबॉलसाठी.

नव्वदच्या दशकात तिथल्या काही कंपन्यांना हे वेड लागलं होतं. हिवाळा आला की गुरुवारी संध्याकाळी कंपन्या-कंपन्यांचे सामने होत, आणि कप कोणाच्या ऑफिसात गेला यावरून अर्बाब, म्हणजे मालक लोक, वर्षभर एकमेकांना टोमणे मारत. खेळाडूंच्या व्हिसावर कोणी ड्रायव्हर असे, कोणी पेंटर, कोणी टी-बॉय. दिवसा ज्याचं त्याचं काम वेगळं, संध्याकाळी सगळ्यांचं एकच. पेंटरला ब्रश धरता येत नसला तरी चालायचं, रिंगमध्ये बॉल टाकता आला म्हणजे झालं.

डॉमनिक उंच नव्हता. चर्चच्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर तो हा खेळ शिकला. तिथे रिंगपर्यंत हात पोचणारी पोरं पुष्कळ होती, म्हणून याने त्यांना बॉल पुरवायचं काम पत्करलं आणि तेच पुढे त्याच्या हाडात मुरलं. तो बघायचा डावीकडे आणि बॉल जायचा उजवीकडे. समोरचा फसायचा हे ठीक, पण पुष्कळदा आपलाच माणूस फसायचा आणि बॉल त्याच्या कानाजवळून सरळ मैदानाबाहेर जायचा. कधीच फसायचा नाही तो एकटा एकनाथ.

एकनाथ देवगडकडचा, त्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन. मस्कतला येईपर्यंत त्याने बास्केटबॉल डोळ्यांनी पाहिला नव्हता. लहानपणी झाडावर चढलेल्या चुलत्याने टाकलेले हापूस मातीला न टेकवता झेलायचे, एवढीच त्याची तयारी. बॉलसुद्धा तो तसाच झेलायचा, डाग पडता कामा नये अशा बेताने. बाकीचे खेळाडू "पास! पास!" करून घसा कोरडा करत. एकनाथला मोकळी जागा सापडली की तो एकच शब्द टाकायचा, "हय!" मालवणीत हय म्हणजे इथे. डॉमनिकचे डोळे कुठेही असोत, बॉल त्या आवाजाकडे जायचा, आणि एकनाथ तो तसाच वर उचलून रिंगमध्ये ठेवायचा.

हे दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात चुकतमाकत झालं, दुसऱ्या हिवाळ्यात कमी चुकलं. आठव्या हिवाळ्यापर्यंत अशी गत झाली, की डॉमनिकच्या कानाला आणि हाताला मध्ये डॉमनिकची गरज उरली नाही.

कंपनीने त्या वर्षांत कप जिंकले, बॉसच्या केबिनमध्ये काचेचं कपाट आलं. डॉमनिकला बायको आणायची परवानगी मिळाली. थेरेसा आली, दार्सैतला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, मेरिल तिथेच जन्मली. ती शाळेत इंग्लिश बोले आणि घरी मोडकंतोडकं मराठी. दर गुरुवारी आईबरोबर मैदानाच्या कडेला बसून ती चिप्स खाई. तिच्या लेखी बास्केटबॉल म्हणजे ज्यात डॅडी एकनाथ अंकलला बॉल देतो तो खेळ.

मग डॉमनिकच्या गुडघ्यात कुरकुर सुरू झाली आणि कंपनीत गॅव्हिन आला.

गॅव्हिन माणूस वाईट नव्हता. मुंबईचाच, गिरगावातला, शिकलेला, डॉमनिकपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मॅनेजर म्हणून आला तेव्हा टीम लागोपाठ दोनदा हरली होती आणि बॉसने कपाटाकडे बोट दाखवून त्याला एवढंच म्हटलं होतं, की काच पुसायला माणूस ठेवलाय, आत ठेवायला काही आण. गॅव्हिनला घाम फुटला. त्याने पहिल्या वर्षी दोन फिलिपिनो पोरं दुसऱ्या कंपनीला दिली आणि तिकडची दोन आणली. आलेले दोघे गेलेल्या दोघांपेक्षा चांगलेच खेळायचे, तरी टीम पुन्हा हरली. माणूस बदलल्याने टीम नवी होत नाही, जुनी मात्र राहत नाही. पण हे गॅव्हिनला कोण सांगणार? तो म्हणाला, "डॉमनिक, आपल्याकडे उंची नाही यार. उंची कोचिंगने येत नाही, ती बाहेरून आणावी लागते."

उंची सोहारला होती. मस्कतपासून अडीच-तीन तासांवर असलेल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणारी एक कंपनी होती, तिच्या टीममध्ये रशीद नावाचा कराचीचा बलुची होता. दारातून आत येताना मान वाकवावी लागे असा. सोहारवाल्यांची अडचण उलटी. त्यांच्याकडे रशीद होता, पण त्याच्यापर्यंत बॉल पोचवणारं कोणी नव्हतं. झालं, दोन मॅनेजर फोनवर बोलले. एका सीझनपुरता रशीद रुवीला खेळेल आणि डॉमनिक सोहारला. नोकऱ्या जिथल्या तिथे, फक्त गुरुवारची जर्सी बदलायची.

डॉमनिकने मान डोलावली. त्याला बरं वाटलं नाही, पण त्याच्या मान डोलावण्याला कोणी पर्यायही ठेवला नव्हता. एकनाथ तेवढा चिडला. "तुका दिलो? आणि बदल्यात तो नारळाचो माड?" असं म्हणून तो दोन दिवस गॅव्हिनशी बोलला नाही.

आता लीगचा नियम असा, की खेळाडू दुसऱ्या टीमकडे जाणार असेल तर त्याला आपल्या टीमचं 'रिलीज' लागतं. एक साधी चिठ्ठी. गॅव्हिनने कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणाऱ्या माणसाला, फोन केला. मंदूब होता गुलजारभाई. "गुलजारभाई, डॉमनिक का रिलीज बना दो, सोहार के लिए."

आखातात आयुष्य काढलेल्या गुलजारभाईंना जगात एकच रिलीज माहीत होती. माणूस एका मालकाचा व्हिसा सोडून दुसऱ्या मालकाच्या व्हिसावर जातो, तेव्हा पहिल्या मालकाने द्यायची ती. तिच्यासाठी माणसं हातापाया पडतात, वर्षानुवर्षं थांबतात, आणि न मिळाल्यास सामान बांधून घरी जातात. साहेब आपणहून रिलीज द्या म्हणतोय, म्हणजे डॉमनिकचं नशीबच उघडलं, असं त्यांना मनापासून वाटलं. एरवी रजेचा कागद महिनाभर न हलवणाऱ्या गुलजारभाईंनी हे काम धावपळ करून केलं. त्यांनी अरबी कागदावर बोट ठेवलं, तिथे डॉमनिकने सही केली. दहा वर्षं तो तशाच सह्या करत आला होता. सोहारच्या मंदूबने तिकडे रशीदचं तेच केलं.

नवं लेबर कार्ड हातात आलं तेव्हा डॉमनिकला कळलं, की तो आता सोहारच्या कंपनीचा माणूस आहे आणि त्याचा हुद्दा पाइप फिटर आहे. त्या कंपनीत तेवढीच एक जागा रिकामी होती.

तो गुलजारभाईंकडे धावला. गुलजारभाई भांबावले. "साब ने बोला रिलीज, मैंने रिलीज करा दिया. मैं तो मिठाई खाने वाला था तुमसे!"

गॅव्हिनला आधी हसू आलं, मग त्याने डोकं धरलं. "अरे देवा, मी लीगचं रिलीज म्हणत होतो!" थोडा वेळ त्याने खरोखर विचार केला आणि मग म्हणाला, "हे बघ, आत्ता उलटं करायला गेलो तर सोहारचा अर्बाब रशीदलाही परत मागेल. सीझन संपू दे. मग बघू."

कोणाचीच चूक नव्हती आणि भोगायचं तेवढं डॉमनिकच्या वाट्याला आलं. पाइप फिटरला बायको-मुलं जवळ ठेवायची मुभा नव्हती. थेरेसाचा आणि मेरिलचा व्हिसा मार्चअखेर संपत होता. तोवर डॉमनिक रुवीच्या कंपनीत आपल्या जुन्या हुद्द्यावर परतला नाही, तर दोघींनी वसईला जायचं आणि त्याने सोहारच्या कॅम्पात खाटेवर राहायचं. मेरिलने वसई फक्त मे महिन्यात पाहिली होती. तिथे तिला डास चावतात एवढीच तिची गावाबद्दलची माहिती.

थेरेसा रडली नाही. तिने फक्त विचारलं, "शाळेत दाखला मागू की थांबू?"

"थांब," डॉमनिक म्हणाला.

तो सोहारला गेला. पाइपांच्या धुळीत दिवस, पत्र्याच्या खोलीत आणखी तिघांबरोबर खाट. गुरुवारी दुपारी टीम पिकअपमध्ये कोंबून मस्कतला खेळायला निघे. सामना झाला की तो दार्सैतला जाई, शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा ऐके, जेवे, आणि मेरिल झोपलेली असतानाच टॅक्सीत बसून परत. रस्ता सपाट, एका बाजूला खजुराच्या बागा, दुसऱ्या बाजूला डोंगर. तो सगळा रस्ता त्याला पाठ झाला आणि त्यातला एकही तुकडा कधी आवडला नाही. चाळिशी जवळ आलेल्या माणसाने पोरांच्या खेळापायी आपलं घर असं टांगून ठेवावं, याची त्याला लाज वाटायची. पण लाज वाटून गुडघा दुखायचा थांबत नाही आणि कॅलेंडरही थांबत नाही.

नव्या टीमबरोबरचा पहिला सामना तर फजितीचा झाला. सवयीप्रमाणे डावीकडे बघून त्याने उजवीकडे पास टाकला. उजवीकडे कोणीच नव्हतं. बॉल कडेला बसलेल्या सोहारच्या अर्बाबच्या हातातल्या चहाच्या कपावर गेला. अर्बाब खल्फान सत्तरीचे, बारीक, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशात. अर्बाबनी आपल्या कपड्यांवरचा डाग पाहिला, बॉल पाहिला आणि म्हणाले, "बॉल अच्छा था. चाय भी अच्छा था." मग स्वतःच हसले. डॉमनिक त्यांना आवडला तो तेव्हापासून.

सोहारच्या पोरांना त्याचा हात कळायला वेळ लागला. ती 'पास' ओरडायची, त्याच्या हाताला तो शब्दच कळत नव्हता. मग त्याने मुकाट्याने डोळ्यांनी खेळायला सुरुवात केली. आधी बघायचं, मग द्यायचं. नवशिक्यासारखं. त्याने दमायला व्हायचं, पण टीम सामने जिंकू लागली. अर्बाब दर वेळी त्याचा खांदा थोपटून म्हणत, "तुम मेरा बेटा."

तिकडे रुवीवाल्यांचंही फार बरं नव्हतं. रशीद रिंगखाली बस चुकल्यासारखा उभा राही. बॉल कधी त्याच्या गुडघ्याला येई, कधी येतच नसे. एकनाथ "हय!" ओरडे आणि त्याच्याकडे कोणी बघत नसे. तरी उंची ती उंचीच. लटपटत का होईना, तेही फायनलला आले. म्हणजे अदलाबदलीने काय झालं, तर आधी एक टीम चांगली होती आणि एक बरी, आता दोन टीमा बऱ्या झाल्या. गॅव्हिन याला प्रगती म्हणायचा.

फायनलच्या आधी डॉमनिक धीर करून अर्बाबपुढे उभा राहिला. तोडक्यामोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत त्याने घरची अडचण सांगितली, रिलीज मागितली. अर्बाबनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कप लाओ," ते म्हणाले. "फिर बैठेगा, बात करेगा. इन्शाल्ला."

इन्शाल्लाचा अर्थ हो की नाही, हे दहा वर्षांत डॉमनिकला छातीठोकपणे सांगता आलं नव्हतं. आणि कप आणून देणाऱ्या माणसाला कोणता मालक सोडतो?

आदल्या शुक्रवारी गॅव्हिन दार्सैतला घरी आला. हातात मिठाईचा डबा. मेरिलला त्याने आत पाठवलं आणि आवाज खाली आणला. "बॉसला मी सांगून ठेवलंय. कप आपल्याकडे आला, की तो खूश. मग तुला परत घेतो, त्याच पोस्टवर. रशीदला देऊन टाकू. तू फक्त... समजून घे ना. तुझीच टीम आहे ती."

डॉमनिकने त्याच्या हातातला मिठाईचा डबा घेतला. गॅव्हिनने तोच होकार समजला आणि त्याच्या हातावर थोपटून निघून गेला.

इकडे आड आणि तिकडे विहीर. जिंकावं तर अर्बाब सोडणार नाही, हरावं तर मुद्दाम हरावं लागणार. थेरेसा मिठाईचा डबा न उघडता ओट्यावर ठेवून समोर बसली.

"मुद्दाम हरायचं म्हणजे काय करायचं गं?" त्याने विचारलं. "बॉल हातातून पाडायचा? मला जमेल असं वाटत नाही."

"मला खोकी बांधायची नाहीत, डॉम," ती म्हणाली. "बाकी मला तुमच्या खेळातलं काही कळत नाही. मी दमले."

"मी पण."

सोहारला परतताना टॅक्सीत त्याने ठरवलं, की सरळ खेळायचं. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. दमलेल्या माणसाला या वयात नवी लबाडी शिकायचा उत्साह नसतो, एवढंच. शिवाय अर्बाबनी चहा सांडल्यावरही त्याला शिवी दिली नव्हती. जिंकू, मग म्हाताऱ्याचे पाय धरू, असं त्याने ठरवलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला टॅक्सीत झोप लागली.

फायनलला मैदान भरलं होतं. एका बाजूला रुवीवाले, एका बाजूला सोहारवाले, मध्ये समोशांची टोपली घेऊन फिरणारा कँटीनवाला. थेरेसा आली होती. मेरिल तिच्या शेजारी खुर्चीवर उभी राहून बघत होती. अर्बाब पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये धरून बसलेले. या वेळी त्यांनी चहा घेतला नव्हता.

डॉमनिक त्या संध्याकाळी फार चांगला खेळला. गुडघ्याला पट्टा बांधून, प्रत्येक पास आधी डोळ्यांनी बघून. जुने सोबती समोर होते, कोण कुठे पळणार हे त्याला त्यांच्याआधी कळत होतं. गॅव्हिन कडेला उभा राहून त्याच्याकडे बघत होता, आधी हसत, मग कपाळाला आठ्या घालून. शेवटचं मिनिट आलं तेव्हा सोहार एका गुणाने पुढे होतं.

रुवीवाल्यांनी बॉल मारला, तो रिंगला आपटून बाहेर आला. सोहारच्या पोराने तो पकडला आणि डॉमनिकला दिला. आता काही करायचं नव्हतं. बॉल फक्त धरून ठेवायचा होता. सोहारचा पुरा बेंच उठून उभा राहिला. "यल्ला, यल्ला, खलास!" अर्बाब काठीवर भार देऊन उठू लागले.

दोन माणसं डॉमनिकच्या अंगावर आली. तो वळला. पाठीमागे, सोहारच्याच रिंगखाली, एकनाथ उभा होता. त्याला दिसलं की रशीद भलत्याच जागी उभा आहे, बॉल अडवायला तो इथे हवा. आठ वर्षांच्या सवयीने तो रशीदवर ओरडला, "हय! हय!"

डॉमनिकचे डोळे समोर होते. बॉल त्याच्या हातातून सुटला, मागे गेला, आणि एकनाथच्या दोन्ही तळव्यांत अलगद येऊन बसला.

एकनाथलाही कळलं नाही काय झालं ते. हापूस आला, त्याने झेलला, वर उचलला आणि रिंगमध्ये ठेवला. घेणाऱ्याच्या हातालाही कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

शिटी वाजली. रुवीवाले मैदानात घुसले. गॅव्हिनने डॉमनिकला मिठी मारली आणि त्याच्या कानात म्हणाला, "मानलं तुला! अगदी शेवटपर्यंत मला घाबरवलंस!" डॉमनिक त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. सोहारची पोरं जमिनीकडे बघत चालली होती. अर्बाब अर्धे उठलेले होते, ते तसेच परत खाली बसले. एकनाथ रिंगखाली आपल्या तळहातांकडे पाहत एकटाच उभा होता. सगळ्या मैदानाने डॉमनिकचा पास पाहिला होता आणि सगळ्या मैदानाला त्याचा अर्थ कळला होता. तो अर्थ चुकीचा होता, पण बरोबर अर्थ कोणी सांगितला असता तर डॉमनिकनेसुद्धा विश्वास ठेवला नसता.

त्या रात्री दार्सैतला न जाता तो टीमबरोबरच पिकअपने परतला. सगळे मागे कोंबून बसले आणि त्याला पुढची सीट मोकळी करून दिली, हा सगळ्यात मोठा अपमान होता.

शनिवारी सकाळी अर्बाबनी बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर डॉमनिकला बरं वाटलं असतं.

"हम तुमको बेटा बोला," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

"अर्बाब, मैंने नहीं... ये हाथ..." डॉमनिकला पुढचे शब्दच सापडेनात. मालवणी, हय, देवगड, आठ वर्षं, हे सगळं कोणत्या भाषेत सांगायचं? म्हणून त्याने आपला उजवा हात उघडून त्यांच्यापुढे धरला. हाच, यानेच केलं, मी नाही.

अर्बाबनी त्या पसरलेल्या हाताकडे क्षणभर पाहिलं आणि रिलीजचा कागद त्यावर ठेवला.

थेरेसाने शाळेत दाखला मागितला नाही. मार्च यायच्या आत डॉमनिक पुन्हा स्टोअरकीपर झाला, गुलजारभाईंनी या वेळी प्रत्येक शब्द दोनदा विचारून घेतला. ज्यासाठी चार महिने जीव टांगणीला लावला होता ते सगळं मिळालं. रशीदही सोहारला परतला, तिथे त्याचा सख्खा भाऊ होता. जाताना तो डॉमनिकला भेटायला स्टोअरमध्ये आला, मान वाकवून आत शिरला आणि हळूच म्हणाला, "आपने मुझे भी छुड़ा दिया, भाई. अल्लाह खुश रखे." डॉमनिकने त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

रुवीच्या चहाच्या टपरीवर मराठी माणसं त्याला बघून डोळे मिचकावत. कोणी पाठ थोपटे, कोणी "पोचलेला आहेस" म्हणे. शिव्या एक वेळ सहन करता येतात, न केलेल्या हुशारीचं कौतुक सहन होत नाही. पुढच्या हिवाळ्यात गॅव्हिनने जर्सी पुढे केली, तेव्हा डॉमनिकने गुडघा दाखवला. एकनाथही त्याच वर्षी थांबला. त्याला कारण कोणी विचारलं नाही.

त्या पासबद्दल तो एकदाच बोलला. कृष्णमंदिरातून घरी जाता जाता प्रसाद द्यायला आला होता, दारातच उभा राहिला. "मी रशीदाक सांगत होतंय रे. तुका नाय."

"ठाऊक आहे," डॉमनिक म्हणाला.

"मगे टाकलंस कित्याक?"

"तू घातलास कशाला?"

प्रसाद देऊन एकनाथ गेला.

एका शुक्रवारी मिस्सा संपल्यावर थेरेसा ओळखीच्या बायकांशी बोलत थांबली आणि डॉमनिक मेरिलला घेऊन चालत पुढे निघाला. ऊन चढलं होतं. तो गुडघा सांभाळत हळू चालत होता आणि मेरिल कपाळाला आठ्या घालून काहीतरी विचार करत होती.

"डॅडी, ती इलेन आहे ना माझ्या क्लासमधली, ती बोलली की युअर डॅडीने मॅच दिली. मॅच कशी देतात?"

दर गुरुवारी कडेला बसलेली ही पोर सगळं बघत होती, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मी तिला सांगितलं, यू डोन्ट नो एनीथिंग," मेरिल म्हणाली. "डॅडी ऑल्वेज एकनाथ अंकललाच देतो. अंकल हय बोलला, सो तू दिला. त्यात काय? दुसऱ्याला दिला असता तर ते राँग झालं असतं ना?"

डॉमनिक रस्त्यातच थांबला. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, ते त्याने मेरिलपासून लपवले नाहीत. साऱ्या मस्कतमध्ये एकाच माणसाने तो सामना नीट पाहिला होता आणि त्या माणसाचे पुढचे दोन दात अजून पडायचे होते.

"पण तू दुसऱ्या टीममध्ये होतास," मेरिल आता स्वतःशीच गोंधळली. "तुला कोणी सांगितलं नव्हतं?"

"मला सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "हाताला सांगायचं राहिलं."

मेरिलने त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, तिला त्यात काही विशेष दिसलं नाही. मागून थेरेसा हाक मारत होती. तो हात तसाच मेरिलच्या हातात ठेवून डॉमनिक तिची वाट बघत उभा राहिला.